आबांची मर्जी

आमच्या घरात मोठ्या माणसांना काही विचारायची पद्धत नव्हती. मर्जी ओळखायची, असं होतं. आबा जेवायला बसले आणि त्यांनी तांब्याकडे नुसतं पाहिलं तरी तांब्या पुढे सरकला पाहिजे. "पाणी हवं का?" असं विचारणं म्हणजे आपल्याला डोळे नाहीत हे कबूल करणं. ही दरबारची रीत. दक्खनेतून शिपाईगिरीला आलेल्या आमच्या पूर्वजांनी ती ग्वाल्हेरच्या दरबारात उचलली, घरी आणली, आणि पुढे दरबार गेला तरी घरातून ती गेली नाही. आबा स्वतः सरकारच्या पागेवर दारोगा होते, म्हणजे तिथली घोडी, त्यांची निगा राखणारे सईस, दाणावैरण सगळं त्यांच्या देखरेखीखाली. त्यांनी जन्मभर वरच्यांच्या मर्ज्या ओळखल्या आणि घरी आम्ही त्यांची ओळखली. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आज हे काढायचं कारण, माझ्या भाचीची सासू अंथरुणाला खिळली आहे. "आत्या, तू आबांचं सगळं केलंस ना? मला नीट लिहून दे, एक, दोन, तीन असं," म्हणाली. मला एक, दोन, तीन असं येत नाही. मला जे येतं ते घडलं तसं सांगता येतं, तेही चिडत चिडत. तिनं त्यातून आपलं वेचून घ्यावं.

संस्थान विलीन झालं तेव्हा पागा मोडली. घोडी लिलावात गेली, सईस वाटेल तिकडे पांगले, आणि आबा घरी येऊन बसले. ते त्यावर कधी काही बोलले नाहीत. नंतर मध्य भारत झालं. त्याचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, सचिवालयात कारकून, म्हणून त्याचंही बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर. ते कुठे अंगवळणी पडतंय तोवर बातमी आली की तेही राज्य मोडणार, मोठं नवं राज्य होणार आणि राजधानी भोपाळ. त्या वर्षी लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या आमच्या भागात, दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच: "तुम्हाला भोपाळ लागलं का?" कचेऱ्यांतून कागदांचे गठ्ठे बांधले जात होते. लोक कपाटं विकत होते, मुलींची लग्नं घाईनं उरकत होते. बाड्यावर, भर चौकात, तांग्यातून उतरलं की कुणी ना कुणी निरोप घेताना दिसायचं. मला त्या दिवसांत एका जागी बसवतच नसे. शाळेत फळ्यापुढे उभी असले तरी मन घरी, आणि घरी असले की मन दाराबाहेर.

त्याच वर्षी चैत्रात आबा सकाळी जोडा घालायला वाकले आणि उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "लकवा है. अब सेवा ही सेवा है." सेवा म्हणजे काय करायचं, ते मात्र सांगायला ते विसरले.

खासगी बाजारात एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. वहिनीला दोन पोरं आणि चूल, दादाला कचेरी. मी एकटी, बिनलग्नाची, गोरखीजवळच्या मुलींच्या शाळेत सकाळची मास्तरीण. दुपारपासून मी मोकळी, असं सगळ्यांनी ठरवलं. खरं सांगायचं तर कुणी ठरवलं नाही, मीच पुढे झाले. आबांचं मी करणार, म्हटलं. मला त्यात मोठेपणा वाटत होता. नंतर त्याच मोठेपणानं मला जेरीस आणलं, पण ते पुढे येईल.

पहिला महिना मी जितक्या चुका करता येतात तितक्या केल्या. त्यांना उठवून बसवताना लुळा हात धरून ओढला, खांदा सुजला. निजलेल्या माणसाच्या तोंडात चमच्यानं पातळ दूध घातलं. ठसका लागून डोळे पांढरे झाले. ते हलत नाहीत म्हणजे आराम पडतोय असं समजून दिवसभर उताणं राहू दिलं. माकडहाडावर लाल चट्टा आला आणि मी त्यावर पावडर मारत बसले. वर सगळ्यांत मोठी चूक ही की आम्ही त्यांच्यादेखत वाटेल ते बोलायचो. वाचा गेली म्हणजे कानही गेले, असं कोण जाणे कसं आमच्या डोक्यात बसलं होतं. खर्च, औषध, शेजारणीचं बाळंतपण, सगळं त्यांच्या उशाशी. खोलीत एखादी पेटी ठेवलेली असावी, तसे आबा.

मग एका दुपारी त्यांचा जुना सईस आला. पागा मोडल्यावर तो तांगा हाकायचा, त्याला उशिरा कळलं होतं. उंबऱ्यातच जोडे काढून त्यानं वाकून सलाम केला, अगदी आबा ताठ उभे असावेत तसा. मग मोठ्यानं म्हणाला, "दारोगा साहब, मैं हूँ. पास आ रहा हूँ. हाथ लगाऊँगा." आणि मगच जवळ गेला. मला हसू आलं. तर माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई साहब, घोड़े के पास भी बिना बोले नहीं जाते. डर जाता है."

मी तोवर काय करत होते? आबांचे डोळे मिटलेले असोत की उघडे, येऊन सरळ कुशीवर ढकलत होते. आणि ते दचकले की "आबा, मीच आहे!" म्हणून वर त्यांच्यावरच खेकसत होते. मला लाज वाटली. लाज वाटली की मला आधी राग येतो, म्हणून मी म्हटलं, "आमचे आबा घोडा नाहीत."

"नहीं," तो म्हणाला, "घोड़ा होते तो अब तक आपको लात मार देते."

त्या दिवसापासून तो एक दिवसाआड यायला लागला आणि जे डॉक्टरांनी शिकवलं नाही ते त्यानं शिकवलं. घोडा बसला आणि उठेना झाला, तर त्याची कूस बदलत राहायची. नाही बदलली तर कातडं सडतं आणि घोडा जातो. म्हणून दर दोन तासांनी कूस. मी घड्याळाकडे पाहून चिडायची, पण बदलायची. कंबरेखाली घडी केलेली चादर आडवी घालायची, दोन बाजूंनी दोघांनी धरून तिच्यावरच माणूस उचलायचा, ओढायचा नाही. टाचांखाली पोकळी राहील अशी उशी पोटऱ्यांना द्यायची. गादीवरची एकूण एक सुरकुती हातानं मोडायची. सईस म्हणे, खालचं गवत सारखं नसेल तर घोडा रात्रभर उभा राहतो, यांना तर उभंही राहता येत नाही. अंग पुसताना खरारा करावा तसं एकाच दिशेनं, हृदयाकडे, आणि पुसता पुसता नजर कातड्यावर. लाल दिसलं आणि बोट दाबून फिकं पडलं नाही, की त्या अंगावर निजवायचं नाही. घास भरवायचा तो बसवून, हनुवटी जरा खाली, चांगल्या बाजूच्या गालात, लहान, आणि पहिला गिळला हे पाहून दुसरा. पाण्यासारखं पातळ काही नको. पेज चालते, मऊ खिचडी चालते. दुखतंय का हे कपाळावरून कळतं. "घोड़े के कान देखते हैं. साहब के कान तो हिलते नहीं, भौंहें देखो."

त्या उन्हाळ्यात लू, तो भाजणारा वारा, अशी सुटली होती की खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारत बसावं लागे. त्या ओल्या अंधारात आम्ही तिघं. चट्टा फिका पडला. एक दिवस मी आरशात पाहिलं तर माझी पाठ वाकल्यासारखी झाली होती. हेही भाचीनं ऐकावं: उचलताना गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही, आणि दिवसातून एकदा तरी घराबाहेर पाय टाकायचा, काम असो वा नसो. मी नुसती कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची. लोकांना वाटायचं काहीतरी आणायचं विसरले.

आता दुधाची गोष्ट. आबांना रोज संध्याकाळी पेलाभर गोड दूध लागे. आईनं ते तीस वर्षं दिलं, ती गेल्यावर वहिनीनं दिलं, आणि आता मी दूध आटवून, दाट करून चमच्यानं देत होते. तेवढ्याला मात्र ते दात आवळून घ्यायचे. मी आधी समजूत घालायची, मग लाडीगोडी, मग रडकुंडी. एका संध्याकाळी माझा तोल गेला. "तुमच्यासाठी जीव काढते मी इथं!" म्हणून चमचा फेकला, तो खाली दुकानदाराच्या पायरीवर जाऊन पडला. सईस बसलेलाच होता. आबांचा डावा हात त्यानं आपल्या हातात घेतला आणि म्हणाला, "दारोगा साहब, हाँ हो तो एक बार दबाना, ना हो तो दो बार. दूध पीना है?"

आबांनी दोनदा दाबला.

"चाय?"

एकदा. आणि इतका जोरात, की सईस हसायलाच लागला. "बाई साहब, पागा में तो बीस साल काली चाय ही पी इन्होंने. दूध से तो इन्हें चिढ़ है."

वहिनी दारात उभी होती. लग्नानंतर आईनं केव्हातरी पेला पुढे केला असणार, आबांनी तो रिकामा केला असणार, आईनं मर्जी ओळखली असणार, आणि मग तीस वर्षं कुणी विचारलं नाही नि कुणी सांगितलं नाही! वहिनी तोंडाला पदर लावून हसत आत गेली. मला हसूही आलं आणि आईची कीवही आली. त्या दिवसापासून आबांना गुळाचा काळा चहा, पेजेइतका दाट नाही तरी भाकरीच्या मऊ कुस्करात जिरवून मिळायला लागला, आणि मी दिवसभर विचारत सुटले. खिडकी उघडू? कूस बदलू? पंचा गरम लागतोय? त्यांच्या डाव्या हाताला नुसतं काम लागलं. इतकं, की एकदा मी सलग आठ-दहा प्रश्न विचारल्यावर त्यांनी हात पांघरुणात घालून घेतला.

तरी एक गोष्ट मी विचारली नाही.

दिवाळी जवळ आली तशी दादाची ऑर्डर निघाली. "क्वार्टर अलॉट झालं आहे," तो म्हणाला. "आबांना घेऊन जातो. तळमजला आहे, जिना नाही. मोठा दवाखाना जवळ आहे."

"आबा लष्कर सोडणार नाहीत."

"तू इथं एकटी काय करून राहशील? सकाळी शाळा, मागे त्यांच्यापाशी कोण?"

"सईस येतो. शेजारीण आहे. मी बघीन."

"अगं, इतकी जिद्द कशाला?"

"जिद्द नाही. मला त्यांची मर्जी माहीत आहे!"

दुधाचं प्रकरण होऊन चार महिनेही झाले नव्हते आणि मी हे वाक्य दादाच्या तोंडावर फेकलं. हे भांडण आम्ही रोज केलं, आणि रोज आबांच्या पायथ्याशी उभं राहून केलं. वहिनी मूग गिळून भांडी बांधत होती. एकदाच म्हणाली, "वन्सं, तुमचं बरोबर असेल. पण मला सुद्धा उचलता येतं त्यांना आता. मी रोज बघते." मला ते आवडलं नाही. माझं काम दुसऱ्या कुणाला येतं, ही गोष्ट मला टोचली.

आणखी एक गोष्ट याच सुमारास घडली. नव्या राज्यात शाळांचीही फेररचना होणार होती, आणि ज्यांचं ट्रेनिंग झालेलं नाही अशा शिक्षिकांना एक वर्ष उज्जैनला पाठवायचं ठरलं होतं. माझ्या नावाचा कागद आला. शाळेच्या मोठ्या बाई स्वतः घरी आल्या, आबांच्या खाटेशेजारी वेताच्या मोड्यावर बसल्या, आणि मला समजावत राहिल्या की आता गेली नाहीस तर मागून भरती झालेल्या पोरी पुढे निघून जातील, तू जन्मभर पहिलीच्या वर्गावर राहशील. मी म्हटलं, "माझे वडील असे आहेत. मी कुठे जाऊ?" त्यांनी आबांकडे एकदा पाहिलं, सुस्कारा टाकला आणि चहा न घेता उठल्या. मी नकाराचं पत्र लिहायला घेतलं. तीन वेळा लिहिलं, तीन वेळा अक्षर वाईट आलं म्हणून फाडलं.

दादाचं जाणं दोन दिवसांवर आलं. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पिंपं, गाद्या, पोत्यात बांधलेलं जातं. वहिनीनं आबांचे धुतलेले कपडे दोन ठिकाणी घडी करून ठेवले होते, आणि कुठला ढीग कुणी उचलायचा हे तिनं विचारलंही नाही. सईस आला, त्यानं ते दोन्ही ढीग पाहिले आणि मला म्हणाला, "दारोगा साहब से पूछा?"

"ये पूछने की बात नहीं है," मी म्हटलं.

"चाय पूछती हैं आप, पंखा पूछती हैं." त्यानं खांदे उडवले आणि तांगा उन्हात उभा आहे म्हणून निघून गेला.

मला त्याचा इतका राग आला की मी आबांची उशी नको तितक्या जोरानं थोपटली. का विचारलं नाही मी? सरळ आहे. भीती वाटत होती. त्यांचं उत्तर काय येईल याची मला खात्री होती असं मी जगाला सांगत होते, आणि खात्री असलेलं माणूस एवढं टाळत नाही.

दुपारचे तीन वाजले असतील. वहिनी पोरांना घेऊन शेजारी निरोप घ्यायला गेली होती. दादा जिन्यात बसून होल्डॉलला दोर आवळत होता. मी आबांची कूस बदलली, त्यांना उशांना टेकवून बसवलं, आणि डावा हात हातात घेतला.

"आबा, एक विचारू?"

एकदा दाबला.

"इथं, लष्करात राहायचं आहे ना?"

दोनदा.

मला वाटलं, चुकलं. वाक्यच 'ना' म्हणून विचारलं, गोंधळ झाला असेल. म्हणून उलटं विचारलं. "भोपाळला जायचंय?"

एकदा.

"दादाबरोबर?"

एकदा.

सात महिने माझ्या हातांनी ज्यांना जगवलं, ते मला सोडून जायला तयार होते, आणि तेही इतक्या पटकन. मी अगदी लहान पोरीसारखं विचारलं, "माझं काही चुकलं का? मी ओरडते म्हणून?"

दोनदा. आणि थोडं थांबून पुन्हा दोनदा.

"मग नातवंडांसाठी?"

त्यांनी काही केलं नाही.

"दवाखान्यासाठी? जिन्याचा त्रास होतो म्हणून?"

दोनदा, जरा वैतागूनच. भुवया वर गेल्या. मला माहीत होतं आता काय विचारायचं उरलंय. मोठ्या बाई त्या मोड्यावर, याच खाटेपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या. आबांनी तेव्हा डोळे मिटून घेतले होते आणि मला वाटलं होतं, झोपले.

"माझ्यासाठी?" मी म्हटलं. "उज्जैनसाठी?"

त्यांनी हात दाबला, एकदा, आणि दाबूनच ठेवला.

मला भयंकर राग आला. कुणी मागितलं होतं त्यांच्याकडे हे? मी सगळं सोडलं होतं, नीट, सगळ्यांदेखत, आणि त्याचा मला अभिमान होता. ते सोडणं माझं होतं. ते हा माणूस एका हाताच्या मुठीनं माझ्याकडून काढून घेत होता. "आबा, ऐका," मी मोठ्यानं म्हटलं, "मला जायचंच नाहीये. मला उज्जैनला जायची जरासुद्धा इच्छा नाही!"

आबांनी माझ्याकडे बघत हात सैल केला. मग दोनदा दाबला.

मला जायचं होतं. तो कागद आला त्या दिवसापासून मला जायचं होतं, आणि हे मी तोवर कुणालाच, अगदी स्वतःलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मी त्यांच्या हातावर डोकं टेकून रडले, थोडी दुःखानं आणि पुष्कळशी चिडून. त्यांचे डोळे कोरडे होते. थोड्या वेळानं त्यांनी हात सोडवून घेतला आणि दाराकडे पाहिलं.

मी पदरानं तोंड पुसलं, जिन्यात गेले, आणि दोर आवळत बसलेल्या दादाला म्हटलं, आबांचं अंथरूणही बांधायचं आहे, ते येताहेत.